तालमीचं उघडं दार

सन दोन हजार तेवीस. मी एकाहत्तरीत होतो. शाळा चौथीत सुटली, पण तांबड्या मातीतलं मला कुणी शिकवावं असं काही नव्हतं. पेठेतल्या आमच्या तालमीत पहाटे पोरांकडनं मेहनत मीच करून घ्यायचो. पगार नाही, हौस. घामाच्या अंगाला वारं लागू नये म्हणून दार लावून घ्यायचं आणि एकेकाला तेल लावून रगडायचं. मला माझ्या वस्तादानं तसंच रगडलं होतं.

त्या वर्षी तालमीत पोरीही यायला लागल्या. आताचा वस्ताद माझ्याच हाताखाली तयार झालेला गडी. त्यानं आईबापांना बोलावून नवे नियम सांगितले. दार उघडं ठेवायचं, मोठ्या माणसानं मालिश करायची नाही, आणि दोन मोठी माणसं असल्याशिवाय पोरांना आत घ्यायचं नाही.

मी सगळ्यांदेखत विचारलं, "माझ्यावर संशय हाय व्हय रं?"

"न्हाय, आबा. पण उद्या कुणी तुमच्यावर बोट दाखवलं, तर साक्षीला कोण हाय?"

मी उठून घरी आलो. त्यानं नंतर दोनदा निरोप धाडला, मी दोनदा परतवला.

पहाटे डोळा मात्र उघडायचाच. दूध आणायला मुद्दाम तालमीवरनं जायचो. शड्डूच्या आवाजावरनं पोरगं ओळखायचो. ताक-हळद घालून खणलेल्या मातीचा वास आला की पाय तिथंच थांबायचे. दार उघडं, त्यामुळं सगळं दिसायचं. एक पोरगी पडताना हनुवटी छातीला लावत नव्हती. मान मोडून घेईल, असं रोज वाटायचं.

एकदा डेअरीवर तिची आई भेटली, तेव्हा बोललो. ती म्हणाली, तुम्हीच आत येऊन सांगा की. मी म्हटलं, दार उघडं ठेवून मला चोर ठरवलंय, कसा येऊ?

"आबा, दार बंद असतं तर मी पोरगी धाडलीच नसती. तुमी आत असला तरीबी."

माझ्या थोरल्या लेकीलाही कुस्तीचं वेड होतं. बंद दाराआड पोर धाडणार न्हाय, असं माझ्या बायकोनं तेव्हा ठणकावलं होतं. आणि दाराआड तर मीच होतो. 

दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीवर गेलो. दुसरा मोठा माणूस आला नव्हता. आत वस्ताद एकटाच, म्हणून पोरं बाहेर ताटकळत होती. मी चपला काढून आत गेलो, आणि माझ्या मागनं पोरं आत आली.