स्वतःच्या पोराला बाहेर बसवणारा माणूस

हे गेले तेव्हा मी टीमच्या जर्सी पिळत होते. दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमच्या क्वार्टरमागं दोरी बांधलेली आहे. दर सोमवारी त्या दोरीवर पिवळ्या जर्सी वाळत असायच्या आणि आमचे कपडे कुंपणावर. दुपार कलली होती. ग्राउंडकडून पोरं पळत येताना दिसली, सगळ्यांच्या पुढं विलास. विलास म्हणजे यांनी तयार केलेला खेळाडू, आता लोको शेडमध्ये नोकरीला आहे. तो दारात येऊन थांबला. "काकू, सर..." एवढंच म्हणाला. हे ग्राउंडवर कॉर्नरच्या झेंड्याजवळ उभे राहून पोरांवर ओरडत होते, ओरडता ओरडता खाली बसले, ते उठलेच नाहीत. मी हातातली जर्सी पिळून पुरी केली, दोरीवर टाकली, मग चपला घातल्या. बाईला धक्का बसला होता, असं लोक नंतर म्हणाले. बसला होताच. पण त्या वेळी मनात काय आलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मनात आलं, शेवटीसुद्धा घरी आले नाहीत...

हेही त्याच शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करणारे फिटर होते, पण अर्धं दौंड त्यांना सर म्हणायचं. ड्युटी सुटली की तोंडावरची काजळी न धुता ग्राउंडवर. पेपरात त्यांच्यावर चार ओळी आल्या होत्या, त्या शोभानं, माझ्या मुलीनं, मला वाचून दाखवल्या. त्यात 'कुटुंबवत्सल' असा शब्द होता. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला तो कळला नाही. शोभा म्हणाली, "म्हंजी घरच्यांवर लई माया करनारा."

"कुनाच्या घरच्यांवर?" मी विचारलं.

शोभानं पेपर घडी करून ठेवला. तिला माझं बोलणं लागलं. तिचं बरोबर होतं, कारण तिच्यावर त्यांची माया होती. मी पहाटे पाण्याला जायची म्हणून शाळेत जायच्या आधी तिची वेणी हे घालायचे, इतकी घट्ट की संध्याकाळपर्यंत एक केस हलायचा नाही. दारू कधी शिवली नाही, माझ्यावर हात कधी उचलला नाही. हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही. पण त्यांच्या शोकसभेत लोकांनी जे खरं म्हणून सांगितलं, त्याच्याबद्दल मला बोलायचं होतं आणि तिथं मला बोलता आलं नाही. म्हणून इथं लिहिते. हे कुणाला दाखवायचं नाही.

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, कवठे येमाई. लग्न होऊन आले तेव्हा फुटबॉल म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात यांनी चामड्याच्या चेंडूतला रबरी फुगा बाहेर काढला आणि कुठून हवा जाते ते बघायला माझ्या पिण्याच्या पाण्याच्या बादलीत बुडवला. बुडबुडे आले तसे लहान मुलासारखे हसले. मला राग आला आणि हसूही आलं. पुढं नुसता राग राहिला. घरात फोडणीला तेल नसलं तरी चेंडूच्या चामड्याला असायचं. पोरं कधीही जेवायला यायची, पुढच्या मॅचची बोलणी आमच्या चुलीपुढं व्हायची, आणि कुणी मला विचारायचं नाही की बाई, तू जेवलीस का. अशोक, आमचा थोरला, त्याच गोंधळात रांगला आणि त्याच गोंधळात खेळायला लागला. डाव्या बाजूनं पळायचा. आम्ही बाया कंपाउंडच्या भिंतीशी उभ्या राहून बघायचो. मला खेळातलं कळत नाही, पण अशोककडं चेंडू आला की भिंतीवर बसलेली माणसं उठून उभी राहायची, ते मला कळायचं.

विलासही डाव्या बाजूनंच खेळायचा. त्याचं गाव केंदूरच्या पुढं. घरी बागायत, दोन विहिरी, वडील आप्पा सोसायटीच्या राजकारणात. एकदा आप्पांनी सगळ्या टीमला गावी मॅचला बोलावलं आणि नंतर जेवण ठेवलं. सरांनी कुटुंबालाही आणावं, असा निरोप होता, म्हणून आम्हीही गेलो. पोरांच्या पंगती सोप्यात बसल्या. आम्ही चढायला लागलो तसे आप्पा पुढं आले आणि हात जोडून म्हणाले, "सर, आत लई गर्दी झालीय. तुम्ही आन् वहिनी हितं ओट्यावर हवेशीर बसा."

थंडीचे दिवस होते. हवेची गरज कुणालाच नव्हती. आम्ही बौद्ध, ते कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हे ओट्यावर बसले आणि वाढणाऱ्याला म्हणाले, "झकास झालाय रस्सा." अशोकला आत बोलावत होते, तो पोरांमधला म्हणून. तो आत गेला नाही. माझ्या शेजारी येऊन बसला आणि ताटाला हात न लावता उठला. परत येताना टेम्पोत हे त्याला म्हणाले, "अन्नावर राग काढू नये."  तेव्हा मी कशालाच काही बोलत नसे.

मग एका वर्षी आमची टीम फायनलला गेली. खेळणाऱ्या पोरांमधून एकाला शेडमध्ये खलाशी म्हणून, म्हणजे फिटरच्या हाताखाली, घ्यायचं होतं आणि ते बघायला मुंबईहून साहेब येणार होता. सगळ्या कॉलनीला माहीत होतं. अशोक मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी बसला होता. रोज नोकरीच्या शोधात फिरून संध्याकाळी तसाच यायचा. विलासला नोकरी नसती मिळाली तर तो उसाला पाणी देत बसला असता, त्याला काही कमी नव्हतं. फायनलच्या दिवशी सकाळी जेवताना हे म्हणाले, "अशोक, तू आज बाहेर." अशोकनं मान हलवली. ग्राउंडवर तो बाकाशी बसून पोरांसाठी लिंबं कापत होता. मी भिंतीपासून बघत होते. मॅच जिंकली. विलास बरा खेळला. साहेबानं त्याचं नाव लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी हे मोरीत पाय धूत होते, मी तांब्यानं पाणी घालत होते. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना खेळातलं विचारलं.

"खरं सांगा, चांगला कोन? विलास का अशोक?"

"अशोक." लगेच म्हणाले.

"मग?"

"मग काय मग! साहेब म्हनला असता, फिटरनं सोताचा पोरगा घुसवला. गावात बोंब झाली असती. आपन कोन हाय ते इसरू नको. आपल्या मानसानं कुनाला बोलायला जागा ठिवू नये."

"बोलायला जागा ठिवू नये व्हय? त्यांनी आपल्याला बसायला तरी जागा दिली हुती का घरात?"

हे धुतलेलाच पाय परत धुवायला लागले. मी तांब्या खाली ठेवला आणि आत गेले.

त्यांना काय वाटत होतं ते मला कळत नाही असं नाही. आमच्यातल्या एकानं चूक केली की ती साऱ्या वस्तीची होते. शेडमध्ये त्यांनी ते रोज सोसलं असेल. पण स्वतःचं नाव राखायला त्यांनी जे दिलं ते त्यांचं नव्हतंच, ते अशोकचं होतं. आणि तो तर मान हलवून लिंबं कापत बसला होता. आपण कमी पडलो असंच त्याला वाटत होतं. पोरानं जन्मभर स्वतःला कमी समजावं, हे मला चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला सगळं सांगितलं. आजही सांगेन.

तो उठला आणि यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. हे शोभाची वेणी घालत होते. "आई म्हनती ते खरं हाय का?" यांनी फणी थांबवली नाही. "टीम निवडायचं काम माझं हाय," म्हणाले. अशोक त्याच आठवड्यात पाटसच्या साखर कारखान्यावर गेला, हंगामी कामाला. दौंडहून पाटस किती लांब... पण यायचा तो हे ड्युटीवर असतील ते बघून. दरवर्षी गाड्या-ट्रकमधून ऊस जायला लागला की हे भिंतीकडं बघून म्हणायचे, "पाटसचा हंगाम सुरू झाला वाटतं." मी म्हणायचे, "मला काय ठाऊक." त्यांना काय विचारायचं होतं ते मला ठाऊक होतं. त्यांनी नाव घेऊन विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. नाव घेतलं नाही.

हे गेले त्या दिवशी अशोक आला, खांदा दिला, आणि घरात पाणी न पिता परत गेला. बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, तेव्हाही तो दाराबाहेरच उभा होता. नंतर फुटबॉल क्लबनं रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. आप्पा बोलायला उठले. डोळे पुसत होते, ते खोटं नव्हतं. "सख्ख्या पोराला बाहेर बसवलं आन् माझ्या पोराला खेळवलं! आसा मानूस आता व्हनं न्हाई!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण त्यांना राहवलं नाही. माझ्या पोराचं आयुष्य बाहेर बसलं, त्याला टाळ्या. मग म्हणाले, "वहिनी, दोन शब्द बोला." मी पदर ओढून खाली बघत राहिले. लोकांना वाटलं, रडतेय. मी रडत नव्हते.

बाहेर पडताना आप्पा जवळ आले. "वहिनी, काय बी लागलं तर सांगा."

"घरी या च्याला," मी म्हणाले. तेवढंच सुचलं.

"येऊ की, येऊ की," म्हणाले. आले नाहीत.

विलास आला. तो येतो. चहा पितो, रडतो. त्याचा काय दोष... पण त्याच्या अंगावरच्या शेडच्या काळ्या कपड्यांकडं मला बघवत नाही. त्यानंच सांगितलं, "काकू, नोकरीत असताना मानूस गेला तर त्याच्या जागी घरातला एक जन घेत्यात. अशोकला अर्ज करायला लावा. न्हाईतर हे क्वार्टर बी सोडावं लागंल." मी अशोकला दोनदा निरोप पाठवला. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, मला नको. शोभाचं शाळेचं शेवटचं वर्ष. क्वार्टर गेलं तर आम्ही दोघी कवठ्याला भावाच्या दारात.

मग मी एकटी पाटसला गेले. त्याआधी मी एकटी एसटीत बसले नव्हते. तिकीट कुठलं मागायचं ते मनात घोकत गेले. कारखान्याच्या फाटकाशी उसाच्या गाड्यांची रांग, मळीचा वास. वॉचमननं विचारलं, "किससे मिलना है, माई?" मला हिंदी येत नाही. "अशोक" एवढंच म्हणाले. त्यानं हाक मारत माणूस पाठवला. अशोक आला तो घाबरूनच.

"आई, तू? एकटी? शोभा बरी हाय ना?"

"बरी हाय. अर्जावर सही कर."

"त्यांच्या जागेवर मी? जवा द्यायची हुती तवा दिली न्हाई. आता मेल्यावर घेऊ व्हय?"

"ही त्यांनी कुठं दिली? त्यांच्या हातात असती तर ही बी विलासच्या धाकट्या भावाला देऊन मोकळं झालं असतं."

अशोक एकदम हसला. गाडीवानांनी मागं वळून बघितलं. हसता हसता त्याचे डोळे भरले. मग म्हणाला, "हंगाम सरूस्तवर मुकादम सोडनार न्हाई."

"मी बोलते मुकादमाशी."

"तू? तू काय बोलनार?"

"तुला बाहेर बसवलं म्हनून लोकांनी टाळ्या वाजवल्या, अशोक. मी तिथंच बसले हुते. तवा बोलले न्हाई. आता कुनाशीबी बोलंन."

तो उसाच्या गाड्यांकडं बघत राहिला. मग हात पॅन्टला पुसले आणि म्हणाला, "पेन हाय का?"

कागद हलायला उन्हाळा लागला. काल अशोक शेडमध्ये रुजू झाला. सकाळी उंबऱ्यावर बसून नवे बूट घालत होता, मी डबा बांधून मागं उभी होते. त्यानं फीत ओवली, बुटाच्या तळाखालून घेतली, घोट्याभोवती दोनदा फिरवली आणि गाठ बाहेरच्या अंगाला मारली. या उंबऱ्यावर यांची तशीच गाठ मी लग्न झाल्यापासून बघत आले होते.

"तसं बांधू नको," मी म्हणाले.

"कसं?"

"तळाखालून."

त्यानं खाली बघितलं. आपण काय केलं ते त्याच्या ध्यानातच नव्हतं. दोन्ही फिती सोडल्या, पुन्हा बांधायला घेतल्या. बघता बघता फीत परत तळाखाली गेली, परत घोट्याभोवती फिरली. तो तसाच वाकून राहिला.  शेडचा भोंगा झाला.

"जा," मी म्हणाले. "उशीर होईल."

तो गेला. शेडमध्ये खडीवरून, कोळशावरून चालायचं असतं. तळाखालची फीत चार दिवस टिकायची नाही. तुटू दे. नवी आणायला मी स्वतः बाजारात जाणार आहे आणि आखूड आणणार आहे.