चारांतला एक

कोर्टाच्या फाटकाशी टेबल टाकून मी एकोणतीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितोय. माझ्यासारखा अर्ज तालुक्यात कुणाला जमत नाही, असं मीच सांगत फिरायचो. माझ्या त्या शहाणपणानं बाईजाआजीचं वाटोळं केलं.

टेबलामागे एक काळा दगड होता. पहिल्या महायुद्धाचा, इंग्रजांनी बसवलेला. वर एवढंच कोरलेलं, की या तालुक्यातून एकसष्ट जण लढाईवर गेले आणि त्यांतले चार मेले. नाव एकाचंही नाही. तारखेला आलेले पक्षकार त्याला टेकून तंबाखू मळायचे. मी त्यावर छत्री वाळत घालायचो, खोटं कशाला बोलू?

आजी डोळखांबकडच्या पाड्यावरून दर सर्वपित्री अमावास्येला यायची. वय ऐंशीच्या घरात. तिच्या नवऱ्याचा आजा त्या चारांतला एक. परमुलखात मेला, हाडंसुद्धा घरी आली नाहीत. तिथी ठाऊक नाही म्हणून सर्वपित्री, आणि दुसरी जागा नाही म्हणून हा दगड. ती दगडापुढे पान मांडायची आणि कावळा शिवेपर्यंत बसून राहायची. पहिल्या वर्षी मी तिच्यावर खेकसलो, कावळे माझ्या कागदांवर घाण करतात म्हणून. पुढच्या वर्षी तिनं माझ्यासाठी चार वडे वेगळे बांधून आणले. मग माझं तोंड बंद झालं.

दोन वर्षांपूर्वी कोर्टाचं आवार नवं करायला काढलं. गावातल्या पुढाऱ्यांनी स्मारक समिती केली. दगडाच्या जागी ग्रॅनाइट बसणार होता, आणि त्यावर मेलेल्यांची नावं येणार होती. ज्यांच्याकडे पुरावा असेल त्यांनी आणावा, अशी नोटीस लागली. तीन घरांतून सरकारी कागद आले. आजीला मीच निरोप धाडला. म्हटलं, म्हातारीच्या जिवाचं सोनं होईल.

ती आली ती फडक्यात काहीतरी बांधून. सोडलं तर देव्हाऱ्यातला टाक निघाला. घोड्यावर बसलेला वीर, हातात तलवार, हळदीकुंकवानं माखलेला. समितीच्या चिटणिसानं तो उलटापालटा करून पाहिला आणि नाव कुठंय म्हणून विचारलं. आजीनं टाक परत फडक्यात बांधला. बाहेर माझ्या टेबलाशी येऊन बसल्यावर मग तिनं सांगितलं.

लढाईनंतर सरकारनं त्यांच्या घरी तळहाताएवढी काशाची चकती पाठवली होती. तिच्यावर आज्याचं नाव होतं. घरात वाचता कुणालाच येत नव्हतं, ती कणगीवर पडून असायची. आजी सून होऊन आली, पहिलं पोर तापानं फणफणलं. भगत म्हणाला, घरातला वीर बाहेर उभा आहे, त्याला देवात जागा द्या. हिनं चकती उचलली, म्हसा गावच्या जत्रेत ओताऱ्याकडे नेली आणि ती वितळवून हा टाक ओतून घेतला.

"पोर वाचला रे दादा. पन नाव मीच वितलवलं. माझ्याच हातांनी."

अर्जासाठी मी आज्याचं नाव विचारलं, तर ती घेईना. सासरच्या वडीलधाऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलेलं नव्हतं. शेवटी तोंड भिंतीकडे फिरवून पुटपुटली, "वालू."

मग मला चेव आला. रागाच्या भरात दोन पानी अर्ज खरडला. वाळूचं नाव घ्या म्हणून लिहिलं, आणि शेवटी माझं खास कलम ठोकलं: जुन्या दगडावर आकडा चार आणि नव्यावर नावं मात्र तीन, ही विसंगती समितीनं तात्काळ दूर करावी. आता कुठं पळतील, असं म्हणत मिशीला पीळ दिला. आजीनं अंगठा उठवला.

समितीनं विसंगती दूर केली.

जुना दगड फोडून नव्या गटाराच्या भरावात टाकला. ग्रॅनाइट चकचकीत आहे, वरून दिवाही सोडलाय. उद्घाटनाला मी गेलो नाही. आठ दिवस त्या बाजूला पाठ करून बसलो.

सर्वपित्रीला आजी आली. ग्रॅनाइटवर हात फिरवला, पान मांडलं आणि मला हाक मारली. नाव कुठल्या ओळीत आहे ते दाखव, म्हणाली. खोटं बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण तिथं नावांच्या तीनच ओळी होत्या, आणि तेवढं तिला मोजता येत होतं.

मी सांगितलं, नाव नाही. मग तिनं वरचा आकडा विचारला. तोही सांगितला: या तालुक्यातून एकसष्ट गेले, तीन मेले.

मी माफी मागितली, ती तिला ऐकू गेली की नाही कोण जाणे.

"म्हंजे आमचा मेलाच नाय," ती म्हणाली. "मंग ह्यो भात कुनाला घालू?"

तिनं पान तसंच उचलून फडक्यात बांधलं आणि डोळखांबची एसटी धरली. कावळे कुंपणावर बसून होते.