चौदा माणसं आणि मागचं दार

बसा, चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. के. आर. पुरममध्ये आता मला हसायचं बाकी कुणी राहिलेलं नाही. भरल्या कारखान्यात, स्वतःच्या हातानं मी अशी माती खाल्लीय की अजून रस्त्यानं जाताना मान वर होत नाही.

आमचं घराणं शिंप्याचं. कैक पिढ्या बेंगळुरात गेल्या. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. हल्ली ऑफिसच्या गाड्या चालवणाऱ्यांचे आणि वॉचमन लोकांचे गणवेश शिवतो. चौदा मशिनं, चौदा माणसं आणि मी.

वडिलांच्या काळापासून आमच्याकडे एक पद्धत. सरकारी माणूस दारात दिसला की वडील टेबलाखालची बेल दाबायचे. ती आत वाजायची आणि आतली माणसं मागच्या दारानं निघून गल्लीतल्या मारुतीच्या देवळात जाऊन बसायची. माणसं कमी दिसली की नियम कमी लागतात, एवढाच हिशेब. वडील गेले, बेल माझ्याकडे आली. शोभतं का हे, असं विचाराल. नाही शोभत. पण आमच्या गल्लीत सगळ्यांकडे अशी बेल होती.

मग नवे कामगार कायदे आले. आता तपासणी कडक होणार, अशी जिकडंतिकडं चर्चा. त्यातच व्हाइटफील्डच्या एका कंपनीनं वर्षभराच्या गणवेशांचं काम देऊ केलं. अट एकच, लेबर इन्स्पेक्टरचा चांगला शेरा आणा. बाकीची गिऱ्हाइकं तयार कपड्यांकडे वळली होती. हे काम गेलं असतं तर कारखान्याला कुलूप, आणि चौदा घरांसकट माझंही घर बसलं असतं.

मी कंबर कसली. नेमणूकपत्रं दिली, पीएफ, ईएसआय सुरू केलं, आठवड्याची सुट्टी, ओव्हरटाइमला दुप्पट, बायकांना वेगळा संडास. माझी बायको सुमन म्हणाली, "अहो, आपल्या लग्नातसुद्धा तुम्ही एवढी धावपळ केली नव्हती." सगळं बदललं. राहिली ती फक्त टेबलाखालची बेल. तिच्याकडे कोण बघतंय?

इन्स्पेक्टर आले. तरुण, सभ्य. चहा नको म्हणाले, पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्याले. कागद चाळले आणि चक्क खूश झाले.

"छान ठेवलंय सगळं. आता माणसांना भेटू या."

माझी छाती फुगली. "एका मिनिटात बोलावतो, सार," म्हटलं आणि ऐटीत बेल दाबली.

आतली मशिनं एकदम थांबली. धावत आत गेलो. पंखे फिरताहेत, इस्त्री गरम, एका मशिनाखाली अर्धी शिवलेली बाही अडकलेली. माणूस एक नाही. मागचं दार सताड उघडं.

"कुठं आहेत?" माझ्यामागून आलेल्या इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"देवळात, सार."

"चौदाही?"

"भाविक आहेत."

त्यांचा चेहरा बदलला. "ही माणसं खरी आहेत, की नुसती कागदावर?"

जन्मभर ज्यांना लपवत आलो, ती माणसं खरोखर आहेत हे आता मला पटवून द्यायचं होतं.

देवळात गेलो. सगळे ओळीनं डोळे मिटून बसलेले. काजं-बटणं करणारी चंद्रक्का वडिलांच्या वेळची. म्हटलं तीच वाचवेल.

"चंद्रक्का, साहेबांना सांगा बरं तुम्ही कुठं काम करता."

तिनं एक डोळा उघडला, इन्स्पेक्टरांना बघितलं, मला बघितलं. "कोण तुम्ही?"

"अहो अक्का, मी अण्णा."

"असाल. मी दर्शनाला आलेय."

शेजारी कटिंगचा मंजुनाथ. इन्स्पेक्टरांनी त्याच्या गळ्यातल्या टेपकडे बोट दाखवलं. मंजुनाथानं शांतपणे टेप काढून मारुतीपुढं ठेवली. "नवस होता, सार."

मी मागून डोळे मोठे करून खुणावतोय, सांगा रे सांगा. त्यांना वाटलं, मी सांगू नका म्हणतोय. मी जितका खुणावतो तितके ते मला विसरतात. शेवटी मी हात जोडले. "अक्का, पाया पडतो तुमच्या. मी तुमचा मालक आहे, एवढं म्हणा."

चंद्रक्काला माझी दया आली. ती इन्स्पेक्टरांकडे वळली. "सोडा हो सार या बिचाऱ्याला. याच्याकडं कुणी कामाला नाही. एकटाच शिवत बसतो."

"चौदा मशिनांवर?"

"पळत पळत शिवतो."

आता सांगा, असल्या मायेवर माणसानं रागवायचं तरी कसं? मी देवळाच्या पायरीवर बसलो आणि रडलो. खोटं नाही सांगत.

इन्स्पेक्टर मनानं चांगले. "पुन्हा येईन, न कळवता," म्हणाले. "तेव्हाही माणसं दिसली नाहीत, तर सगळं बोगस म्हणून लिहीन."

त्याच संध्याकाळी मी बेलची वायर कापली. सगळ्यांना बसवून समजावलं, की आता पळायचं नाही. कायदा तुमच्याच बाजूचा आहे. कुणीही येऊ दे, जागा सोडायची नाही.

"सरी अण्णा," चंद्रक्का मान डोलावून म्हणाली. "पण हे स्वल्प आधी सांगायचं होतं."

मग रोज तालीम. मी दारातून "आले, आले" म्हणून ओरडायचो आणि त्यांनी खाली मान घालून शिवत राहायचं. मंजुनाथ दोनदा उठलाच. माझी झोप उडाली. एक जरी पळाला तरी सगळं संपलं होतं.

आणि एका दुपारी दाराशी स्कूटर थांबली. हेल्मेट निघालं. तेच.

पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी कुठल्याशा पाण्याच्या टाकीमागं उकिडवा बसलोय, पायात चपला नाहीत, आणि खिशात फोन वाजतोय.

"तुमच्या कारखान्यातून बोलतोय," इन्स्पेक्टर म्हणाले. "चौदाच्या चौदा जागेवर आहेत. कुणी हललं नाही. सुट्टी, पगार, सगळं नीट सांगितलं त्यांनी. शेरा चांगलाच देतोय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "फार उपकार झाले, सार."

"फक्त एक अडचण आहे. खाली सहीला मालक लागतो हो. आहे का कुणी तुमच्याकडे?"