तेलकट की कोरडी

गोव्यात, केरीच्या एका लहान हॉटेलात रिसेप्शनवर मुलगी हवी होती. बी.कॉम. झाल्यावर मला आलेलं ते पहिलंच मुलाखतीचं बोलावणं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलं नव्हतं, त्यामुळे ही नोकरी मिळावी असं माझ्यापेक्षा आईबाबांनाच जास्त वाटत होतं. माझ्या मैत्रिणीने सल्ला दिला, "तिथे चेहरा नीट लागतो. आधी स्वतःचा स्किन टाइप ओळख."

मला कातडी आहे एवढंच माहीत होतं. तिला प्रकार असतात हे नव्हतं.

मोबाइलवरच्या व्हिडिओत रीत सोपी होती. तोंड धुवायचं, काही न लावता थोडा वेळ थांबायचं, मग कपाळावर, नाकावर, गालांवर टिश्यू पेपर दाबायचा. डाग पडला तर तेलकट, नाही पडला तर कोरडी. मी सकाळी तोंड धुतलं. थांबायचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून तेवढ्यात आईकडून तेल लावून वेणी घालून घेतली. मग कागद दाबला. गालांवरच्या कागदातून तर आरपार दिसायला लागलं.

म्हणजे तेलकट. पेडण्याच्या बाजारातून मी तेलकट त्वचेचा फेसवॉश, दाणेदार स्क्रब आणि लावताच झणझणणारं टोनर आणलं. सकाळ-संध्याकाळ सगळं लावू लागले. काही दिवसांत गाल ओढल्यासारखे वाटले, मग लाल झाले, तोंडाच्या कडेला पापुद्रे सुटले. कातडी कोरडी तर नाही ना झाली, म्हणून वेणीनंतर पुन्हा कागद दाबला. पुन्हा तेल! मग आणखी जोराने घासलं.

बाबा पूर्वी डिचोलीकडच्या खाणींवर ट्रक चालवायचे. माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्या ट्रकाचो रंग असोच सुटायचो. बाय, तुका गॅरेजीत धाडूया काय?"

मला हसू येईना. मी पुस्तक वाचून पास होणारी मुलगी. इथे कागद तेलकट म्हणत होता आणि कातडी सोलून निघत होती. कुणाचं खरं मानायचं?

मुलाखतीच्या सकाळी आईने वेणी घातली, रिबन बांधली आणि लहानपणापासून करते तसं, तळव्यांना उरलेलं खोबरेल माझ्या गालांना पुसलं. सोललेल्या जागी असं झोंबलं की मी ओरडलेच.

"काय झाला गो?"

मी तिच्या हातांकडे बघत राहिले. "आई, तू ह्या रोज करतस?"

"मग? हात खय पुसू? साडयेक?"

'काही न लावता' हे मला तोंडपाठ होतं. पण आईचा हात म्हणजे काहीतरी लावणं, असं एकदाही मनात आलं नव्हतं.

ते तेल धुवायचं की ठेवायचं हे कळेना, तशीच केरीला गेले. मॅनेजरबाईंनी आधी माझी प्रमाणपत्रं पाहिली, मग चेहरा.

"अ‍ॅलर्जी?"

"नाही मॅडम. चुकीचा साबण."

त्या हसल्या. "काम जमेल तुला. पण आता बसवलं तर पाहुणे तुझीच विचारपूस करत बसतील. चेहरा बरा करून ये. जागा थोडे दिवस ठेवते."

आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरांनी सगळ्या बाटल्या बंद करायला लावल्या. सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, उन्हात जाताना सनस्क्रीन, बस. "आणि माझी त्वचा कुठली?" मी विचारलं. "आधी ती बरी होऊ दे," ते म्हणाले.

बरी झाल्यावर पुन्हा कागद घेतला. आईला सांगितलं, "आज गालांक हात लावू नको." वेणी झाली आणि ती तेलाचे तळवे हवेत धरून उभी राहिली. ते कुठे न्यायचे हेच तिला सुचेना.

"नोकरेक लागता ह्या?"

"होय."

मग तिने ते स्वतःच्या दंडांना चोळले.

कागदावर नाकाचा पुसट डाग आला, गालांचा मुळीच नाही. व्हिडिओच्या मते ही मिश्र त्वचा. नाकाला एक लावायचं, गालांना दुसरं. त्यातलं काय कुठे, हे रिसेप्शनवर बसायला लागूनही माझं अजून चुकतं. सकाळी वेणी झाली की मी वळून आईपुढे हात करते. ती तेल माझ्या कोपरांना पुसते आणि मी केरीची बस गाठते. कोपरांचा प्रकार मी अजून तपासलेला नाही.