शेवटच्या ओळीतला कान

सुजाता गेल्याचा फोन आला, तेव्हा मी गच्चीत पागेतल्या सतरंज्यांना ऊन दाखवत होते. तिथला गाण्याचा महोत्सव तोंडावर आला होता. फोन ठेवला आणि उरलेल्या सतरंज्याही पसरल्या. दुसरं काय करणार… ती असती तर म्हणाली असती, "रड हवं तेवढं, पण सतरंज्या भिजवू नकोस."

खडकीच्या वसाहतीत आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. दारूगोळ्याच्या कारखान्यात यंत्रांपाशी उमेदीची वर्षं काढून तिचा डावा कान जवळजवळ गेला होता. निवृत्तीनंतर लोक डोंगर चढतात, नातवंडं सांभाळतात. हिला नदीकाठच्या पेठेतली घोड्यांची जुनी पागा सापडली. कमानी देखण्या, पण आत मांडवाचे बांबू आणि गंजलेल्या दुचाक्या. ती पाडून वाहनतळ करायचं घाटत होतं. तिथे दर हिवाळ्यात गाणं ठेवायचं तिने मनावर घेतलं. माणसांचा राबता राहिला की जागेला हात लावायला कुणी धजत नाही, असं ती म्हणे. शेजारच्या एका गृहस्थांनी विचारलं, "पागेत आता गाढवं गाणार का?" ही शांतपणे म्हणाली, "गाणार नाहीत, ऐकायला येतील. आपली जागा राखून ठेवते." ते आले, आणि पुढे दर वर्षी येत राहिले.

परवानगी मिळाली ती ध्वनिक्षेपक न लावण्याच्या अटीवर, कारण हादऱ्याने कमानींचा चुना झडत होता. मग आवाज मागेपर्यंत पोचतो की नाही, हे बघायची रीत तिनेच काढली. शेवटच्या ओळीत बसायचं, उजव्या कानात बोट घालायचं आणि अधू कान गायकाकडे करायचा. गायक षड्ज लावून विचारी, "सुजाताताई, येतंय का ऐकू?" मागून "येतंय!" आलं की मगच मैफल सुरू होई. ऐकू येत नाही अशी कुरकुर वाढली असती, तर महोत्सव सभागृहात न्यायला आमची समिती टपलेलीच होती, आणि पागा वाहनतळवाल्यांच्या हाती गेली असती.

शेवटची भेट रुग्णालयात झाली. गेल्या महोत्सवाआधीच सुरू झालेल्या औषधांनी तिचा उजवा कानही नेला होता. मी ओरडून बोलत होते, ती माझ्या ओठांकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "गेल्या वर्षी मला काहीच आलं नाही गं ऐकू."

"मग 'येतंय' कशी म्हणालीस?"

"शेजारच्यांची चुळबुळ थांबली ना… म्हटलं, पोचलं असणार."

मी हसले. जिन्यात आल्यावर मात्र मला रडू आवरेना. ज्या गाण्यासाठी तिने एवढी यातायात केली, त्यातला एक सूरही तिला त्या संध्याकाळी मिळाला नव्हता.

यंदाचा महोत्सव गेल्या आठवड्यात झाला. तिच्या जागी कुणी बसेना, म्हणून मी बसले. तरुण गायकाने षड्ज लावला आणि सवयीने विचारलं, "सुजाताताई, येतंय का ऐकू?" विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं.

मी उजव्या कानात बोट घातलं, डावा कान पुढे केला. सूर स्वच्छ येत होता. "येतंय," म्हणाले, पण इतकं हळू की ते पुढे पोचलंच नाही.

त्याने पुन्हा विचारलं.