साडूंचा टाइट

माझ्या साडूंना सबंध आयुष्यात एकच विशेषण पुरलं, आणि तेही इंग्रजी. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत त्यांनी फिटर म्हणून तीस वर्षं पाइपांचे नटबोल्ट पिळले. जे टाइट ते चांगलं आणि जे लूज ते आज ना उद्या गळणार, हे तिथलं तत्त्वज्ञान ते घरी घेऊन आले. चहा टाइट म्हणजे कडक. पोट टाइट म्हणजे जेवण झकास झालं. पण "तुमच्या ताई आज टाइट आहेत," असं ते दारातच कुजबुजले, की माझी मेहुणी रागावलेली आहे असं समजून मी चपला न काढताच परत फिरायचो.

एकदा टिटवाळ्यात आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीला साडूंच्या इमारतीतल्या मुलाचं स्थळ आलं. मुलीच्या वडिलांनी आमच्या घरून फोन लावून साडूंकडे चौकशी केली. साडू मनापासून म्हणाले, "मुलगा एकदम टाइट! कधीही जा, लूज सापडणार नाही."

वडिलांचा चेहरा उतरला. "निदान सकाळी तरी शुद्धीवर..."

"सकाळी तर विचारूच नका! सातला टाइट होऊनच घराबाहेर पडतो."

मी फोन हिसकावून घेतला आणि मुलगा निर्व्यसनी आहे, वक्तशीर आहे, इस्त्रीचे कपडे घालतो, असा खुलासा केला, म्हणून ते लग्न झालं. तेव्हापासून नातेवाइकांत मी साडूंचा दुभाषी ठरलो. त्यांच्या आवाजावरूनच मला कुठला टाइट ते कळतं, असं मी चारचौघांत सांगायचो. त्याचा मला गर्व होता.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी सीएची शेवटची परीक्षा पास झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "साडूभाऊ, पहाटेपासून छाती टाइट झालीये हो."

"होणारच! पोरीनं नाव काढलं तुमचं."

मग ते म्हणाले, "हो, तेही आहेच."

"संध्याकाळी पेढे खायला येतो," असं म्हणून मी फोन ठेवला आणि दाढी करायला बसलो. दुपारी त्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. साडू वाचले, पण आता एक जिना चढला तरी बसावं लागतं. त्या फोनबद्दल मी कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही.

तिथल्या डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, "टाइट म्हणजे काय? दुखतं, जळजळतं की दाब येतो? नीट सांगत जा." साडू जन्मभर शिस्तीत नोकरी केलेले. त्यांनी तो शब्दच सोडला. आता ते दाब म्हणतात, घट्ट म्हणतात, ताई रागावल्यात म्हणतात. सगळ्यांना सगळं समजतं. दुभाष्याची कुणाला गरज उरलेली नाही.

परवा रविवारी त्यांच्याकडे गेलो. ते लोणच्याच्या बरणीचं झाकण लावत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "साडूभाऊ, त्या दिवशी तुमचा फोन मला कळला नाही. चूक माझी."

त्यांनी झाकण आणखी अर्धा आटा पिळलं. "अहो, मलाच कुठे कळत होतं? पोरीचा टाइट की दुखण्याचा, पहाटेपासून तेच चाचपत होतो. तुम्ही पोरीचा म्हणालात. बरं वाटलं."

इतक्या महिन्यांनी त्यांच्या तोंडून तो शब्द आला होता. ताईंनी चहा आणला. साडूंनी एक घोट घेतला, डोळे मिटले. मी कान टवकारून बसलो.

"कडक झालाय," ते म्हणाले.