बाबांची पानं आणि नवी डिस्क

आमच्या नल्लकुंट्याच्या घरात कॉम्प्युटर एकच, आणि तो बाबांचा. बाबांची उभी नोकरी टायपिंगमध्ये गेली. सुरुवात नांदेडला मराठी टाइपरायटरवर झाली, पुढं बदली होऊन हैदराबादला आले ते इथलेच झाले. निवृत्तीनंतर त्यांना कॉम्प्युटर आणून दिला तेव्हा त्यांनी एकच अट घातली: बोटं बदलणार नाहीत. म्हणून टाइपरायटरच्याच मांडणीचा एक जुना मराठी फाँट शोधून त्यात टाकला होता. गेली कित्येक वर्षं ते त्याच्यावरच खडाखड लिहीत आलेत.

आई गेल्यावर ते तिच्याविषयी लिहायला बसले. ती कशी बोलायची, कुणाशी भांडायची, बेगम बाजारात मिरची घेताना दुकानदाराला कसा घाम फोडायची, सगळं. आम्हाला मात्र वाचायला देत नसत. "पुरं होऊ दे," म्हणायचे. ते पुरं होऊ नये असंच त्यांच्या मनात असावं, कारण रोज सकाळी चहा झाला की ते आनंदानं खुर्चीकडे वळायचे.

यंदा नवरात्राच्या तोंडावर ते लिहायचे थांबले. मी विचारलं तर म्हणाले, "मशीन म्हणतंय, जागा संपली. थोडी पानं पुसून बघितली मी, तरी ऐकना झालंय."

मला आधी अर्थच लागेना. लागला तेव्हा मस्तकात तिडीक गेली. बंगळूरच्या माझ्या धाकट्या भावानं लग्नांचे, बारशांचे, कुठल्या कुठल्या सहलींचे व्हिडिओ त्या मशीनमध्ये कोंबून ठेवले होते, आणि त्यांना जागा करून द्यायला बाबा आईला पुसत बसले होते! नशीब, पुसलेली पानं डिस्कवरच्या कचऱ्याच्या डब्यात तशीच पडून होती. मी ती परत काढली. सहज म्हटलं, "गेली असती तर पुन्हा लिहिली असतीत ना?" त्यांनी मान हलवली. "एकदा उतरलं की डोक्यातनं जातंय ते, पोरी. दुसऱ्या बारीला येत नाही."

आबिड्सच्या बाजारात जाऊन मी चांगली मोठी डिस्क घेऊन आले. मशीन रडतखडत चालत होतं, म्हणून सिस्टीमही नव्यानं टाकायची ठरवलं. दुकानदार म्हणाला, मशीन सोडून जा, करून देतो. आईची पानं कुणाच्या काउंटरवर सोडून यायला माझं मन होईना. भावाला फोनवर सांगितलं तर तो हसलाच. "ताई, तू? अगं, सगळा डेटा उडेल. कायको रिस्क घेतीस? प्रोफेशनल बंद्याला दे ना!" एवढं ऐकल्यावर तर मी ते दुसऱ्या कुणाला हातही लावू देणार नव्हते. ऑफिसात इतकी वर्षं काढली, पण कॉम्प्युटरचं झाकण मी तोवर उघडलेलं नव्हतं.

अष्टमीला सुट्टी होती. आधी भावाचे व्हिडिओ आणि बाबांच्या सगळ्या फाइली एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या, त्या तिथं दिसतात ना हे पुन्हा पुन्हा पाहिलं. मग झाकण उघडलं, धूळ झटकली, जुनी डिस्क काढली, नवी बसवली. पेनड्राइव्हवरून सिस्टीम चढायला लागली तेव्हा मी पडद्यासमोरून हलले नाही. जेवण तिथंच केलं. संध्याकाळपर्यंत मशीन असं पळायला लागलं की भावाला लगेच फोटो पाठवला. फाइली नव्या डिस्कवर घातल्या, त्यांची नावं पाहिली आणि माझं काम फत्ते झालं असं समजले.

राहिली होती जुनी डिस्क. ती साफ पुसून वरकामाला ठेवायचा माझा विचार होता. केबल जोडणार तोच बाबांनी ती टेबलावरून उचलली.

"उद्या खंडेनवमी आहे. इतकी वर्षं राबलंय ते. आधी पूजा, मग तुला काय करायचं ते कर."

"बाबा, मोठं काम नाही हे, पाच मिनिटांचं आहे."

"नक्को म्हणलं ना!"

नवमीला विळी, कात्री, गावाकडचा विळा आणि माझा स्क्रू ड्रायव्हर यांच्या रांगेत ती डिस्क हळदीकुंकू लावून बसली. कॉम्प्युटरलाही बंतीच्या, म्हणजे झेंडूच्या, फुलांचा हार पडला. त्या दिवशी हत्यार वापरायचं नसतं, त्यामुळे मशीनला सुट्टी. मी मनातल्या मनात चरफडले.

दसऱ्याच्या सकाळी पूजा आटोपून बाबा थाटात खुर्चीत बसले आणि त्यांनी पहिली फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, अधूनमधून एखादं प्रश्नचिन्ह. दुसरी फाइल तशीच. तिसरीही तशीच. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. बाहेरच्या डिस्कवरच्या प्रती उघडल्या, त्यांचीही तीच गत. वाटलं, भावाचं खरं झालं, मी आईला घालवलं.

फाँट! सिस्टीम नवी, तिच्यात तो जुना फाँट नव्हताच. मी पानं नेली आणि ज्याच्यामुळे ती मराठी दिसत होती तोच मागं सोडून आले होते. इंटरनेटवर त्याच नावाचा एक मिळाला, पण तो कुठल्या तरी दुसऱ्या पिढीचा होता. जोडाक्षरं फुटली, वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या. खरा फाँट होता फक्त जुन्या सिस्टीममध्ये, आणि जुनी सिस्टीम होती देवापुढं, कुंकू लावलेली. अष्टमीला मी ती पुसायला निघाले होते, हे आठवून आत्ताही अंगावर काटा येतो.

मी देवघराकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. "घे," ते म्हणाले. "दसरा आहे. आज हत्यार उचलायचंच असतंय."

अक्षता झटकल्या, कोरड्या फडक्यानं जोडणीच्या जागेवरचं कुंकू पुसलं, दुसऱ्या केबलवर डिस्क लावली. ती घरघरली आणि दिसायला लागली. तिच्या फाँटच्या कप्प्यातून तो एक फाँट उचलला आणि नव्या सिस्टीममध्ये बसवला. मग फाइल उघडली, आणि सगळं पान मराठीत समोर उभं राहिलं. मी खुर्चीत बसल्या बसल्या ओरडले. एवढा विजय मला परीक्षांच्या निकालातही कधी वाटला नव्हता. भावाला फोन लावून म्हटलं, "तुझ्या प्रोफेशनल बंद्याला आता घरीच बसव."

सगळ्या फाइली एकेक करून उघडून बघायच्या होत्या, त्यामुळे बाबांना नाही म्हणता येईना. "वाच आता, काय व्हायचंय," म्हणाले. मी मधलंच एक पान मोठ्यानं वाचायला घेतलं. बेगम बाजाराचं होतं. आई दुकानदाराला विचारते, "भैया, ये मिरची है की रंग है?" आणि मग बाबांकडे वळून, "तुम्ही नुसतं हौ हौ करत उभे राहा, पिशवी तरी धरा!"

बाबा डोळे मिटून ऐकत होते. एकदम म्हणाले, "थांब, थांब. इतकं गोड कुठं बोलायची ती?" आणि हात वर करून, मान वाकडी करून त्यांनी ते वाक्य असं खणखणीत म्हणून दाखवलं की आईच बैठकीत येऊन उभी राहिली. मला हसू आवरेना, आणि हसता हसता रडूही आलं.

"तिनं पुढं आणखी काहीतरी सुनावलं होतं त्याला," बाबा म्हणाले. त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "आत्ता आठवलं. सरक."